साथ संपल्यावरचे पैसे

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे. नोटीस कालच दारातून आत सरकवली गेली. (व्हॉट्सॲपवर आधीच आली होती, पण आमचे सेक्रेटरी काका कागदी नोटीस सरकवल्याशिवाय झोपत नाहीत. नियम म्हणजे नियम!) विषय क्रमांक १ पार्किंग. विषय क्रमांक २ पाहुण्यांचं पार्किंग. मग लिफ्टचं एएमसी, जिन्यातल्या चपला, आणि सगळ्यात शेवटी, लोक जेवायला उठून गेल्यावर येणारा विषय: 'टाक्यांची सफाई व दरमहा पाणी तपासणी यासाठी कायम तरतूद करणे.'

हा विषय जुना आहे. २०२४ च्या वार्षिक सभेतही तो आला होता. खर्च होता फ्लॅटमागे महिन्याला साठ रुपये. तेव्हा मी हात वर केला होता. विरोधात. ईएमआय नवा नवा सुरू झाला होता, मेंटेनन्स नुकताच वाढला होता, आणि डोक्यात हिशोब असा की घरात आरओ आहेच, मग टाकीचं पाणी तपासून करायचंय काय? विषय पडला. परवा ऑफिसखालच्या कॅफेत कॉफीचे दोनशे चाळीस रुपये मोजताना ते साठ रुपये आठवले.

तर सांगायची गोष्ट अशी, की आम्ही धायरीत राहतो. (ऑफिस हिंजवडीत आणि घर धायरीत का, हे कृपया विचारू नका. तेवढंच परवडलं.) आणि २०२५ च्या जानेवारीत याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागात, जीबीएसची साथ आली. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, हा स्वतः संसर्गजन्य नाही. आधी पोटाचा किंवा घशाचा काहीतरी संसर्ग होतो, आणि मग काही जणांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायापासून सुरू होऊन ताकद जायला लागते, आणि ती वर छातीपर्यंत पोचली तर व्हेंटिलेटर. पुण्याच्या साथीत रुग्णांच्या नमुन्यांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्याअन्नातून येणारे. मार्चपर्यंत सरकारी यादीत २०० हून जास्त संशयित रुग्ण होते आणि दहाहून जास्त मृत्यू.

त्या यादीत आमच्या सी विंगमधला एक मुलगा होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लिफ्टमध्ये भेटला की हमखास विचारायचा, "दादा, जावा करू की पायथॉन?" दोन दिवस जुलाब झाले, बरे झाले, तो कॉलेजलाही गेला. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी त्याला कॉटवरून उठता येईना. संध्याकाळी आयसीयूत, तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर. या आजारावर इम्युनोग्लोब्युलिन नावाची इंजेक्शनं देतात. ती वजनाच्या हिशोबात लागतात आणि पूर्ण कोर्सचा खर्च लाखांत जातो. आमच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज पडला आणि तीन दिवसांत १२० फ्लॅटमधून सव्वाचार लाख रुपये जमले. मीही दिले, आणि देताना मला खूप चांगलं वाटलं होतं.

नंतर कधीतरी मी हिशोब केला. १२० फ्लॅट, साठ रुपये, बारा महिने. वर्षाचे ८६,४०० रुपये. म्हणजे तीन दिवसांत आम्ही जवळजवळ पाच वर्षांच्या पाणी तपासणीचे पैसे जमवले होते. ज्या माणसांनी पहिला खर्च 'परवडत नाही' म्हणून पाडला, त्याच माणसांनी दुसरा खर्च एका शब्दाने कुरकुर न करता केला.

त्याला तो संसर्ग आमच्याच टाकीतून झाला असं मी म्हणत नाहीये. कदाचित बाहेरच्या पाणीपुरीतून झाला असेल, कदाचित कॉलेजच्या कॅन्टीनमधून. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. सांगता आलं असतं, जर त्या आठवड्यातल्या पाण्याची तपासणी कुठेतरी लिहिलेली असती. ती नव्हती, आणि ती नसण्यात माझा एक हात होता.

असो. सोसायटीचं एवढं पुराण लावलं कारण मला खरं बोलायचंय ते महापालिकेबद्दल. साथ आल्यावर शहराचा आरोग्य विभाग पैसे कुठून आणतो, असा प्रश्न त्या वेळी पडला आणि मी वीकेंडला बसून वाचत गेलो. तर आपलं शहरही हुबेहूब आमच्या सोसायटीसारखंच वागतं.

सुरुवात कायद्यापासून. साथरोग कायदा १८९७ चा. मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईघाईने केलेला. (त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाने काय केलं आणि त्याचं काय झालं, हे मराठी वाचकांना सांगायला नको.) हाच कायदा २०२० मध्ये कोविडसाठी बाहेर काढला गेला. तो सरकारला भरपूर अधिकार देतो. माणसं तपासा, वेगळी ठेवा, नियम करा. पण पैशांचं काय? कलम २ मध्ये अशा अर्थाचं लिहिलंय, की होणारा खर्च कोणी आणि कशा प्रकारे भरायचा ते सरकारने ठरवावं. झालं! म्हणजे साथ आली की मग ठरवा कोणाच्या खिशातून ते.

महापालिकांच्या कायद्यातही असंच आहे. कलम ६७(३) नुसार अचानक काही आपत्ती आली आणि माणसांच्या जिवाला धोका असेल, तर आयुक्तांना तातडीने कारवाई करता येते आणि मग स्थायी समितीला कळवायचं असतं. तरतूद चांगली आहे, आगीच्या वेळी निविदा काढत बसता येत नाही. पण तिजोरीत त्या कामासाठी वेगळे पैसे नसतात. ते दुसऱ्या कुठल्यातरी कामाच्या तरतुदीतून उचलावे लागतात. याला पुण्यात एक खास शब्द आहे, 'वर्गीकरण'. एका रस्त्याचे पैसे दुसऱ्या रस्त्याला, उद्यानाचे पैसे औषधांना. पुण्याचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. एवढ्या मोठ्या शहराने साथीच्या वेळी पैसे उचलायची मुख्य पद्धत ही ठेवावी, हे मला झेपत नाही. महिनाअखेरीला आपण एका क्रेडिट कार्डातून दुसरं भरतो, त्यातला हा प्रकार.

आता मी हे लिहितोय म्हणून कुणी असं समजू नका, की साथीत पैसे मिळाले नाहीत. मिळाले की! राज्याचं पथक आलं, केंद्राचं पथक आलं. कमला नेहरू रुग्णालयात उपचारांची सोय झाली. घरोघरी सर्वेक्षण झालं, क्लोरिनच्या बाटल्या वाटल्या. आमच्या दारात आलेल्या आरोग्यसेविका ताई सकाळपासून चार मजली बिल्डिंगा चढत होत्या. आमच्या विंगची लिफ्ट नेमकी बंद होती, तर त्या जिन्याने सातव्या मजल्यावर आल्या. पाणी विचारलं तर हसून म्हणाल्या, "उकळलेलं आहे ना?" या लोकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. हे सगळे पैसे योग्य वेळेच्या काही आठवडे उशिरा आले. आणि ते तसेच उशिरा येणार, कारण धोक्याची घंटाच उशिरा वाजली.

हे जरा नीट सांगतो, कारण यातलं गणित मला सगळ्यात जास्त लागलं. जुलाब झाल्यानंतर जीबीएसची लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिला रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो तेव्हा खराब पाणी पिऊन झाल्याला पंधरा दिवस उलटलेले असतात. दुसरं म्हणजे, कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो, असा जगभरातला ढोबळ अंदाज आहे. जिवाणूच्या प्रकारानुसार तो कमीजास्त होईल. पण तरीही, शंभर-दोनशे जीबीएस रुग्ण दिसतात तेव्हा त्यांच्या मागे किमान हजारो माणसं जुलाबाने घरी पडून गेलेली असणार. ती माणसं कुठे गेली? गल्लीतल्या डॉक्टरकडे. मेडिकलवाल्याकडे. ओआरएस आणि दोन गोळ्या घेऊन परत कामावर. ती कुणी मोजली नाहीत. मोजली असती, तर डिसेंबरअखेरीलाच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं की या तीन-चार गावांत अचानक जुलाब का वाढलेत.

आपल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर पूर्ण झोपल्यावर येणारा अलर्ट आपल्याकडे होता. त्याच्या आधी दोन आठवडे लॉगमध्ये एरर पडत होते, ते बघायला माणूस नव्हता. आणि माणूस नसतो याचं कारण, त्याच्या पगाराची ओळ बजेटात सगळ्यात आधी कापली जाते. तुम्ही कुठल्याही कंपनीत असा, हा अनुभव तुम्हाला असणार. प्रोडक्शन कोसळलं की मॅनेजर म्हणतो, "पैशांचं बघू नका, काय हवं ते घ्या." आणि मग रिपोर्टमध्ये मॉनिटरिंग सुधारण्याचे जे सहा मुद्दे लिहितो, ते पुढच्या तिमाहीत ढकलले जातात. त्याच्या पुढच्या तिमाहीत रिपोर्ट कुठे ठेवलाय हेच कुणाला आठवत नाही.

पाण्याचंही तसंच. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये. हद्द वाढली की मिळकतकराचं बिल पटकन येतं. शुद्धीकरण केंद्राचं पाणी मात्र आलं नव्हतं. या पट्ट्यातल्या काही गावांना नांदेडच्या विहिरीचं पाणी फक्त क्लोरिन टाकून पुरवलं जात होतं. पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे की नाही हे तपासायची 'ओटी टेस्ट' असते. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरिन आहे. पाच मिनिटांचं काम, आणि कुठल्याही ग्रामपंचायतीच्या शिपायाला ते येतं. साथ आल्यावर तपासलं तेव्हा बऱ्याच नमुन्यांत क्लोरिन नव्हतंच. नळीत पिवळा रंग येत नाही हे रोज बघणारा एक माणूस, त्याच्यावर एक वरिष्ठ, आणि रंग आला नाही तर त्याच दिवशी पावडर टाकायचा अधिकार. साथीवरचा सगळ्यात स्वस्त खर्च तो हाच. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही, फ्लेक्सवर फोटो येत नाही.

बरं, आपल्या शहराला अनुभव नाही असंही नाही. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. मी तेव्हा शाळेत होतो. शाळा बंद म्हणून आम्ही खूश, आणि आई रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून खिशात कोंबायची. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा टीव्हीवर बघितलेल्या आठवतात. मग ९ मार्च २०२० ला कोविडचे राज्यातले पहिले दोन रुग्ण दाखल झाले, ते त्याच नायडूत. त्याच वर्षी सीओईपीच्या मैदानावर ८०० खाटांचं जंबो हॉस्पिटल काही आठवड्यांत उभं राहिलं. आणि साथ ओसरल्यावर ते गेलं. तंबू जाणारच, त्यात चूक नाही. प्रश्न असा, की तंबू उतरल्यावर शहराकडे उरलं काय? किती कायमच्या जागा भरल्या, किती खासगी दवाखाने रोजचे आकडे पाठवायला लागले?

उलट उदाहरण शेजारीच आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून पळाले. तेव्हाचं सुरत गलिच्छ शहर म्हणून प्रसिद्ध होतं. मे १९९५ मध्ये, म्हणजे प्लेग संपून कित्येक महिने झाल्यावर, एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. बघा, साथ तेव्हा गेलेली होती. 'आता कशाला खर्च' म्हणायला अगदी योग्य वेळ होती. त्यांनी शहराचे सहा झोन केले, झोनच्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले, आणि सगळ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं. १९९६ मध्ये इंटॅकच्या पाहणीत सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं. मला यातली झाडूपेक्षा खर्चाच्या अधिकाराची गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याला गटार दिसतं त्याच्याच सहीने गटार साफ होतं. फाइल वर जाऊन खाली येईपर्यंत जिवाणू थांबत नाहीत.

आता यावर जे म्हटलं जाईल ते मला माहीत आहे, कारण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये यावर माझं भांडण होऊन झालंय.

एक मित्र म्हणतो, "पैसे कमी नाहीतच रे, खर्च होत नाहीत." खरं आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांच्या आरोग्यकामांना ७०,०५१ कोटींचं अनुदान सुचवलं होतं. केंद्राच्या एका योजनेत २० महानगरांमध्ये रोगसर्वेक्षणाची केंद्रं करायचं ठरलं होतं. म्हणजे कागदावर पैसे दिसतात. पण इमारतीला निधी मिळतो, आणि त्या इमारतीत बसून रोज आकडे बघणाऱ्या माणसाची जागा कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा ऑर्डर. तुम्ही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कुणाला प्रोडक्शनची जबाबदारी द्याल का? पैसे खर्च होत नाहीत, याचा अर्थ खर्च करणारी माणसं नेमायला पैसे दिलेले नाहीत, असाही होऊ शकतो.

दुसरा म्हणतो, "राखीव निधी ठेवला की खाल्ला जातो." हाही मुद्दा फालतू नाही. पण मला वाटतं की घाईत केलेल्या खरेदीत खायला जास्त वाव असतो. साथ ऐन भरात असताना इंजेक्शनचा भाव कोण घासून बघणार? शांततेच्या काळात दर ठरवून ठेवले, की साथ आली तर या कंपनीकडून या दराने एवढा माल, तर चोरी अवघड होते. आपण क्लाउडची क्षमता आधीच दर ठरवून राखून ठेवतो, ऐन सेलच्या रात्री घासाघीस करत नाही. तसंच.

तिसरा मुद्दा सगळ्यात कठीण, आणि त्याचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. साथ आली नाही तर खर्च वाया गेला असं दिसतं. न झालेल्या जुलाबांचे फोटो काढता येत नाहीत. नगरसेवकाच्या 'स यादी'त बाक, कमानी आणि पेव्हर ब्लॉक असतात, कारण ते मतदाराला दिसतात. पण यात नगरसेवकाला एकट्याला शिव्या देऊन उपयोग नाही. २०२५ च्या साथीच्या वेळी तर पुण्यात नगरसेवक नव्हतेच, मार्च २०२२ पासून प्रशासक होता. मतदार आपणच आहोत. ज्यांच्या घरात आरओ, बाल्कनीत बिसलेरीचा जार आणि खिशात मेडिक्लेम, अशा आपल्यासारख्या लोकांना शहराचं पाणी हा आपला प्रश्न वाटतच नाही. आणि साथीत तेव्हा या भागातले खासगी आरओ प्लान्टच बंद करावे लागले होते, त्यांचंही पाणी नापास झालं म्हणून. पैसे देऊन विकत घेतलेलं पाणी! आपण स्वतंत्र बेटावर राहतो हा भ्रम तिथे संपायला हवा होता.

माझ्या मते शहराकडे मागायच्या गोष्टी तीनच आहेत. पहिली, साथीसाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ असावी, जिचं वर्गीकरण करता येणार नाही. तो निधी कधी सुटणार हे आधीच लिहिलेलं असावं. म्हणजे सलग अमुक दिवस क्लोरिन मिळालं नाही, किंवा एका प्रभागात जुलाबाचे रुग्ण नेहमीच्या दुप्पट झाले, की कुणाच्याही सहीची वाट न बघता पैसे सुटणार. दुसरी, क्षेत्रीय कार्यालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत स्वतः खर्च करायचा अधिकार. तिसरी, पाणी तपासणाऱ्यांच्या आणि आकडे मोजणाऱ्यांच्या जागा कायम, आणि प्रत्येक भागातल्या क्लोरिनचा रोजचा आकडा सगळ्यांना बघता येईल असा. शेवटचं काम तर आपल्यापैकी कुणीही दोन वीकेंडमध्ये फुकट करून देईल :-)

आणि हे मागायची वेळ साथीच्या मध्यावर नसते. तेव्हा सगळेच 'हो' म्हणतात. मागायचं ते आत्ता, जेव्हा बातम्यांमध्ये काही नाही आणि कुणाला घाई नाही.

तो सी विंगमधला मुलगा बरा झाला. दीड महिना हॉस्पिटलमध्ये, मग फिजिओथेरपी, पावसाळ्यात काठी घेऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारायला लागला. एक सेमिस्टर गेलं. परवा लिफ्टमध्ये भेटला. पायथॉन करतोय म्हणाला. माझ्या २०२४ मधल्या हाताबद्दल त्याला काहीच माहीत नाही आणि मी सांगितलंही नाही.

साथीच्या महिन्यात आमच्या सोसायटीने टाक्या दोनदा धुतल्या, पाणी तीनदा तपासलं, वाट्टेल ते पैसे देऊन. त्यानंतरच्या वार्षिक सभेत तोच खर्च पुन्हा वगळला गेला. 'आता काही राहिलं नाहीये' म्हणून. त्या सभेला मी रिलीज होतं म्हणून गेलो नव्हतो. यंदा सेक्रेटरी काकांना फोन केला आणि विनंती केली की पाण्याचा विषय शेवटून काढून पहिला घ्या, पार्किंगच्या आधी. काका म्हणाले, "नोटीस निघालीये रे आता, क्रम कसा बदलणार? नियम असतो."

मग ठीक आहे. शेवटपर्यंत बसतो. तुमच्या सोसायटीत हा विषय कितव्या नंबरला आहे, एकदा बघा.